गावच्या तलावाचे उपग्रहचित्र : लिस-४ कॅमेऱ्याची चित्रे कशी मिळवावीत, कशी वाचावीत

माण तालुक्यातल्या आमच्या गावात लोकवर्गणीतून पाझर तलावांचा गाळ काढला. दोन पावसाळे गेल्यावर ग्रामसभेत प्रश्न आला, की तलावांत पाणी आता जास्त दिवस टिकते का? जितकी माणसे तितकी उत्तरे मिळाली, कारण गाळ काढण्याआधीच्या वर्षांतले पाणी कुणी मोजूनच ठेवले नव्हते. त्या वर्षांची नोंद होती ती फक्त उपग्रहांच्या चित्रांत. ती मिळवायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी असे चित्र कधी उघडलेही नव्हते. पहिले सहा महिने चुकीच्या फाइली, चुकीच्या तारखा आणि चुकीचे आकडे यांत गेले. पाणलोट समितीत काम करणाऱ्या, शाळा-कॉलेजात प्रकल्प करणाऱ्या किंवा नुसती आपल्या शिवाराची उत्सुकता असणाऱ्या कुणाचे ते सहा महिने वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

यात मुख्य उपग्रह आहेत इस्रोचे रिसोर्ससॅट-२ आणि रिसोर्ससॅट-२ए, आणि मुख्य कॅमेरा आहे त्यांच्यावरचा लिस-४. युरोपचा सेंटिनेल-२ आणि आपले कार्टोसॅट हे सोबतीला येतील.

## १. आधी कागदावर गुंठे मांडा

नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा : सगळ्यात स्पष्ट चित्र कुठे मिळेल? हा प्रश्न बाजूला ठेवा. मला दिसायला हवी अशी सगळ्यात लहान वस्तू कोणती, आणि ती कोणकोणत्या तारखांना दिसायला हवी, एवढे आधी लिहून काढा. पुढचे सगळे निर्णय याच दोन ओळींवरून होतात.

हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पिक्सेल म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान चौकोन, आणि बँड म्हणजे एकेका रंगाच्या प्रकाशाचे वेगळे चित्र. सेंटिनेल-२च्या बारीक बँडांचा एक पिक्सेल १० मीटर बाजूचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा. थोडक्यात एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा. लिस-४चा पिक्सेल ५.८ मीटरचा, म्हणजे साधारण ३४ चौरस मीटर. एका गुंठ्यात असे तीन बसतात आणि एकरात सुमारे १२०.

आता ३० मीटर बाय ३० मीटरचे शेततळे घ्या. ते ९०० चौरस मीटरचे, म्हणजे नऊ गुंठ्यांना थोडे कमी. सेंटिनेलमध्ये त्याचे नऊ पिक्सेल व्हायला हवेत, पण पिक्सेलची जाळी तळ्याच्या कडेला नेमकी जुळत नाही. कडेचे पिक्सेल अर्धे पाणी आणि अर्धी माती असे मिसळलेले येतात आणि निव्वळ पाण्याचे जेमतेम चार उरतात. लिस-४मध्ये तेच सोळाच्या आसपास मिळतात. तळे जाळीला तिरपे असेल तर दोन्हीकडे आणखी कमी. म्हणून शेततळ्यात पाणी आहे की नाही एवढे लिस-४ सांगू शकतो, पण त्याचे अचूक क्षेत्रफळ त्यावर काढू नये. चार-पाच हेक्टरच्या पाझर तलावासाठी मात्र तो उत्तम आहे. विहीर, बांध, ठिबकची नळी किंवा एखादे झाड पाहायचे असेल तर हा कॅमेरा तुमच्या कामाचा नाही.

## २. कॅमेऱ्याची ओळख करून घ्या

हा भाग गाळून पुढे जाण्याचा मोह होतो. मीही तसेच केले होते आणि नंतर परत येऊन वाचावे लागले.

रिसोर्ससॅट-२ हा २० एप्रिल २०११ रोजी आणि २ए हा ७ डिसेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने गेला. दोघेही सुमारे ८१७ किलोमीटर उंचीवरून जवळजवळ ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात. कक्षा सूर्याशी जुळवलेली असल्याने ते आपल्यावरून नेहमी सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. याचा फायदा मोठा आहे : वेगवेगळ्या वर्षांतल्या त्याच तारखेच्या चित्रांत सूर्य जवळजवळ त्याच जागी असतो आणि सावल्याही सारख्याच पडतात.

प्रत्येक उपग्रहावर तीन कॅमेरे आहेत. अवाइफ्स हा ७४० किलोमीटर रुंद पट्टा ५६ मीटरच्या पिक्सेलने टिपतो. त्यात अख्खा जिल्हा एका नजरेत येतो, पण गावचा तलाव हरवतो. लिस-३चा पट्टा १४० किलोमीटरचा आणि पिक्सेल २३.५ मीटरचा. लिस-४चा पट्टा ७० किलोमीटरचा आणि पिक्सेल ५.८ मीटरचा. रुंदी घटते तसा बारकावा वाढतो. हे सगळ्याच उपग्रहांना लागू आहे.

लिस-४ आपल्या मोबाइलसारखा एका क्षणात अख्खा फोटो काढत नाही. त्यात प्रत्येक रंगासाठी सुमारे १२,००० प्रकाशग्राहकांची एकच ओळ असते. ही ओळ जमिनीवरची एक आडवी रेघ टिपते, उपग्रह पुढे सरकतो, मग पुढची रेघ. १२,०००ला ५.८ने गुणा, ७० किलोमीटरचा पट्टा तुमच्या हातात येतो. शेतात बैल पुढे चालावेत आणि पाभरीने एकेक तास पडत जावे तसे हे चित्र विणले जाते. उपग्रहाच्या बरोबर खालची जागा जमिनीवर सेकंदाला साधारण साडेसहा किलोमीटर पुढे सरकते असे धरले, तर एका रेघेसाठी मिळणारा वेळ भरतो एका मिलिसेकंदापेक्षाही कमी. तेवढ्या वेळात ३४ चौरस मीटर जमिनीवरून आलेला प्रकाश गोळा करून त्याचा ० ते १०२३ मधला एक आकडा करायचा असतो.

इथेच कळते की बारकावा फुकट का येत नाही. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सोडलेल्या कार्टोसॅट-३चा कृष्णधवल पिक्सेल सुमारे २८ सेंटिमीटरचा आहे. तो ५०९ किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सात किलोमीटर वेगाने पुढे जातो. एका रेघेला त्याच्याकडे उरतात सुमारे ४० मायक्रोसेकंद, म्हणजे लिस-४च्या वेळेचा बाविसावा हिस्सा. वर पिक्सेलचे क्षेत्रफळ चारशे पटींनी लहान. एवढ्याशा प्रकाशावर चित्र उमटवायचे तर मोठा आरसा लागतो, एकाच जागेचा प्रकाश अनेक ओळींनी लागोपाठ टिपून त्याची बेरीज करावी लागते आणि रंगांची वाटणी सोडून सगळा दृश्य प्रकाश एकत्र घ्यावा लागतो. म्हणूनच कोणत्याही उपग्रहाचे सगळ्यात बारीक चित्र सहसा कृष्णधवल असते. कार्टोसॅट-३चेही रंगीत चित्र १.१२ मीटरचे आहे आणि पट्टा अवघा १६ किलोमीटरचा.

लिस-४चे तीन बँड लक्षात ठेवा, क्रमांकासकट :

- बँड २ : हिरवा प्रकाश, ०.५२ ते ०.५९ मायक्रॉन
- बँड ३ : लाल प्रकाश, ०.६२ ते ०.६८ मायक्रॉन
- बँड ४ : डोळ्यांना न दिसणारा निकटचा अवरक्त प्रकाश, ०.७७ ते ०.८६ मायक्रॉन

निळा बँड नाही. बँड १ शोधत बसू नका.

## ३. हाताशी काय काय हवे

- ८ जीबी रॅमचा संगणक. ४ जीबीवरही काम होते, पण प्रत्येक पायरीला थांबावे लागते.
- निदान ५० जीबी मोकळी जागा. ७० किलोमीटरचे चित्र ५ मीटरच्या जाळीत ठेवले की एकेका बँडची फाइल जवळजवळ ४०० एमबीची होते, आणि बँड तीन असतात.
- क्यूजीआयएस हे नकाशे आणि उपग्रहचित्रे हाताळायचे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर. त्याची दीर्घकाळ पाठबळ असलेली आवृत्ती घ्या, सगळ्यात नवी नको.
- गावाच्या किंवा पाणलोटाच्या सीमेची फाइल. नसेल तर गुगल अर्थवर बोटाने रेखून केएमएल म्हणून जतन करा.
- गावनकाशा आणि तलावांचे गट नंबर.
- पावसाच्या नोंदी, निदान तुमच्या महसूल मंडळाच्या.
- चालू असलेला ईमेल, कारण नोंदणीची आणि चित्र तयार झाल्याची सूचना त्यावर येते.
- एक वही. कोणती फाइल, कोणती तारीख, काय केले हे लिहून ठेवा. दोन महिन्यांनी स्वतःचेच काम आठवत नाही.

## ४. भूनिधीवरून चित्र उतरवा

हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे, म्हणजे एनआरएससीचे, ‘भूनिधी’ नावाचे संकेतस्थळ आहे. भारतीय उपग्रहांची चित्रे तिथे ठेवलेली असतात. २०२३च्या भारतीय अंतराळ धोरणाप्रमाणे ५ मीटर आणि त्याहून जाड पिक्सेलची माहिती सर्वांना विनामूल्य खुली आहे. लिस-४ ५.८ मीटरचा असल्याने या रेषेच्या अलीकडे राहतो, आणि आपल्यासारख्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पायऱ्या अशा : नोंदणी करा, ईमेलवरून खाते पक्के करा, मग नकाशावर तुमच्या भागाभोवती चौकोन काढा. उपग्रह म्हणून रिसोर्ससॅट-२ आणि २ए दोन्ही निवडा, कॅमेरा लिस-४चा बहुरंगी प्रकार निवडा आणि तारखांचा पल्ला द्या. यादीत प्रत्येक दृश्याचे छोटे चित्र दिसते. ते उघडून पाहिल्याशिवाय काहीही उतरवू नका.

इथे तीन खाचखळगे आहेत.

पहिला : ढगांची टक्केवारी अख्ख्या दृश्याची असते. १० टक्के ढग असलेल्या चित्रात ते सगळे नेमके तुमच्या गावावर असू शकतात, आणि ४० टक्के ढगांच्या चित्रात तुमचे गाव स्वच्छ उन्हात असू शकते. आकड्यावर चित्र नाकारू नका, डोळ्यांनी पाहा.

दुसरा : दृश्याची ओळख पाथ आणि रो या दोन क्रमांकांनी आणि त्यापुढच्या ए, बी, सी, डी या अक्षरांनी होते, कारण मोठ्या चौकटीचे चार तुकडे केलेले असतात. गाव दोन तुकड्यांच्या हद्दीवर असेल तर दोन्ही घ्यावे लागतात. आपले क्रमांक एकदा वहीत लिहिले की पुढचे शोध सोपे जातात.

तिसरा : हा उपग्रह त्याच मार्गावर २४ दिवसांनी परत येतो. लिस-४ डावी-उजवीकडे २६ अंशांपर्यंत वळवता येतो, त्यामुळे एखादी जागा पाच दिवसांतही पुन्हा टिपता येते, पण तो तुमच्या गावाकडे वळवलेला असेलच असे नाही. म्हणून ‘१५ फेब्रुवारीचेच चित्र हवे’ असा हट्ट चालत नाही.

काही दृश्ये लगेच उतरवता येतात, काहींची मागणी नोंदवून थांबावे लागते. ग्रामसभेच्या आदल्या आठवड्यात हे काम सुरू करू नका.

## ५. तारखा जुळवा

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. गाळ काढण्याआधीच्या एका वर्षाचे जानेवारीच्या शेवटचे चित्र मिळाले, नंतरच्या वर्षाचे डिसेंबरच्या मध्याचे. दोन्ही स्वच्छ होती. नंतरच्या चित्रात पाणी दीडपट दिसले आणि मी तसे सभेत सांगितले. मागे बसलेल्या एक आजी उठून म्हणाल्या, “आरं लेकरा, त्या सालाला परतीचा पाऊस दिवाळीपतुर हुता. गाळ काढला नसता तरी पाणी दिसलंच असतं.” त्यांचे म्हणणे खरे होते. त्यात ४० दिवसांच्या फरकाची भर पडली होती, आणि माणसारख्या कोरड्या हवेत ४० दिवसांत तलाव बराच आटतो.

तेव्हापासून आम्ही पाळतो ते नियम :

- वेगवेगळ्या वर्षांची जी चित्रे तुलनेला घ्याल, त्यांच्या तारखांत (वर्ष सोडून) दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर नको.
- एका वर्षाचे एकच चित्र घेऊ नका. ऑक्टोबरचा शेवट, डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिल अशी निदान चार घ्या.
- प्रत्येक वर्षाच्या शेजारी जून ते नोव्हेंबरचा पाऊस लिहा. सारख्या पावसाची वर्षे एकमेकांसमोर ठेवा.
- जवळचाच गाळ न काढलेला एक तलाव प्रत्येक चित्रात मोजा. ताजव्याचे दुसरे पारडे म्हणून तो लागतो. आजींच्या हरकतीचे खरे उत्तर त्यातूनच मिळाले.

जून ते सप्टेंबर या कॅमेऱ्याचा उपयोग नाही, कारण ढगाखालचे त्याला काही दिसत नाही. पावसाळ्यातले पाणी पाहायचेच असेल तर रडार उपग्रह लागतो. युरोपचा सेंटिनेल-१ आणि इस्रोचा १४ फेब्रुवारी २०२२ला सोडलेला ईओएस-०४ हे ढगांतून पाहतात, पण त्यांचे चित्र वाचणे हा वेगळा विषय आहे.

## ६. बँड एकत्र करा आणि लाल शिवाराला घाबरू नका

झिप उघडल्यावर तीन बँडांच्या तीन टिफ फाइली आणि एक मजकुराची फाइल मिळते. ती मजकुराची फाइल आधी वाचा. चित्राची तारीख, सूर्याची उंची, नकाशाचे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत) आणि पिक्सेलचे माप त्यात असते.

क्यूजीआयएसमध्ये तिन्ही फाइली आणा, रास्टर मेनूतल्या मर्ज साधनात प्रत्येक फाइल वेगळ्या बँडमध्ये ठेवण्याचा चौकोन टिचकवा आणि एक फाइल तयार करा. मग लाल रंगाला बँड ४, हिरव्याला बँड ३ आणि निळ्याला बँड २ द्या. (फाइली २, ३, ४ या क्रमाने जोडल्या असतील तर एकत्र फाइलीत त्यांचे क्रमांक १, २, ३ असे दिसतात.)

आता हिरवागार ऊस तांबडाभडक दिसेल. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण विचारतो, शिवार पेटले का? हिरवे पान अवरक्त प्रकाश जोरात परत पाठवते, आणि त्या बँडला आपण लाल रंग दिला आहे, एवढेच. जितका लाल गडद तितके पीक जोमदार. नांगरलेली काळी जमीन हिरवट-करडी, माळरान फिकट, आणि स्वच्छ पाणी जवळजवळ काळे, कारण पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकते. गढूळ पाणी निळसर-आकाशी दिसते. ही रंगभाषा डोळ्यांत बसायला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. ओळखीच्या जागा एकेक करून पाहा : आपली विहीर-बागायत, शाळेचे मैदान, ओढा, देवराई.

ढगांच्या कडांना कधी लाल-निळी किनार दिसते. चित्र बिघडलेले नसते. लिस-४च्या तीन बँडांच्या ओळी एकाच जागेवर एका क्षणी पाहत नाहीत; पहिल्या आणि शेवटच्या बँडमध्ये सुमारे दोन सेकंद जातात. जमीन जुळवून घेता येते, पण उंचावरचा सरकता ढग तिन्ही रंगांत थोडा वेगळ्या जागी येतो.

## ७. चित्र जागेवर बसले आहे का, पाहा

यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत आहे. महाराष्ट्र तिच्या दोन पट्ट्यांत विभागलेला आहे. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला पट्टा ४३, पूर्वेला ४४. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि मराठवाडा जवळजवळ सगळा ४३मध्ये. अकोला आणि अमरावती शहरेही ४३मध्ये, पण यवतमाळ, वर्धा, नागपूर ही शहरे ४४मध्ये. क्यूजीआयएसमध्ये हे क्रमांक ईपीएसजी ३२६४३ आणि ३२६४४ असे दिसतात. पट्टा चुकला की क्षेत्रफळ आणि जागा दोन्ही चुकतात.

मग तुमच्या गटांच्या सीमा चित्रावर ठेवा. त्या सरकलेल्या दिसल्या तर लगेच उपग्रहाला दोष देऊ नका; गावनकाशाही अनेकदा सरकलेला असतो. न हलणाऱ्या जागा निवडा : डांबरी रस्त्यांचा चौक, कॅनॉलचा पूल, तलावाच्या सांडव्याचा कोपरा. अशा सहा-सात ठिकाणांचे अक्षांश-रेखांश मोबाइलच्या जीपीएसने घ्या आणि जिओरेफरन्सर वापरून चित्र त्यांवर बसवा. सगळ्या वर्षांची चित्रे एकाच मूळ चित्राशी जुळवायची, प्रत्येक वेगळ्याशी नाही.

## ८. पाणी वेगळे काढा

पाण्यासाठीचा निर्देशांक असा :

(बँड २ − बँड ४) ÷ (बँड २ + बँड ४)

पाणी हिरवा प्रकाश थोडा परत पाठवते आणि अवरक्त गिळते, म्हणून पाण्यावर उत्तर मोठे येते, जमिनीवर आणि पिकावर लहान किंवा ऋण. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हे थेट लिहिता येते. त्याच क्यूजीआयएसमधला जीडीएएल नावाचा दुसरा कॅल्क्युलेटर वापरत असाल तर आधी आकडे दशांशांत बदला. तसे न केल्यास ऋण उत्तराऐवजी भलताच मोठा धन आकडा येतो आणि कोरडे शिवार पाण्याने भरलेले दिसते.

शून्याच्या वर म्हणजे पाणी, असे ठिकठिकाणी वाचायला मिळते. कच्च्या लिस-४वर तो नियम तसाच लावू नका. फाइलीतले आकडे हे परावर्तन नाही, कॅमेऱ्याचे मोजमाप आहे, आणि दोन बँडांची मापे वेगळी असतात. हवेतल्या धुरक्याने हिरवा बँड अवरक्तापेक्षा जास्त उजळतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या धूसर सकाळी सगळा निर्देशांकच वर सरकतो. प्रत्येक चित्राच्या निर्देशांकाचा आलेख (हिस्टोग्राम) उघडा; कोणत्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत ते त्यात दिसते. जमिनीचा मोठा डोंगर आणि पाण्याची लहान टेकडी यांच्यामधली खिंड शोधा आणि तिथे रेघ मारा. नंतर ती रेघ मूळ रंगीत चित्रावर ठेवून तलावाच्या कडेशी जुळते का, ते डोळ्यांनी पाहा.

फसवणाऱ्या गोष्टी दोन. एक, सावली. डिसेंबरात साडेदहाला आपल्याकडे सूर्य साधारण ४३ अंशांवर असतो, त्यामुळे १०० मीटरचा उभा कडा जवळपास तितकीच लांब सावली उत्तर-पश्चिमेला टाकतो, म्हणजे लिस-४चे सतरा-अठरा पिक्सेल. मेमध्ये ती ४० मीटरवर येते. डोंगराच्या पायथ्याला डिसेंबरात ‘तलाव’ सापडला आणि मेमध्ये नाहीसा झाला, तर तो आटला असे लिहू नका. दुसरी, जलपर्णी आणि शेवाळ. पाण्यावर हिरवा थर असेल तर कॅमेऱ्याला ते पीकच वाटते.

## ९. क्षेत्रफळ काढा, पण घाई करू नका

पाण्याचे पिक्सेल मोजा आणि एका पिक्सेलच्या क्षेत्रफळाने गुणा. इथे एक छुपी चूक होते : कॅमेरा ५.८ मीटरचा असला तरी मिळणारी फाइल ५ मीटरच्या जाळीत बसवलेली असते. गुणायचे ते फाइलच्या पिक्सेलने, म्हणजे २५ चौरस मीटरने. समजा १,६४० पिक्सेल आले, तर ४१,००० चौरस मीटर, म्हणजे ४.१ हेक्टर. ३३.६४ने गुणले असते तर साडेपाच हेक्टर आले असते आणि कागदोपत्री तलाव एका रात्रीत तिसऱ्या हिश्शाने वाढला असता.

आता सगळ्यात महत्त्वाचे. उपग्रह पाण्याचा पसारा मोजतो, साठा नाही. गाळ काढल्याने तलाव खोल होतो, रुंद नाही. सांडव्यापर्यंत भरलेल्या तलावाचा पसारा गाळ काढण्याआधी आणि नंतर जवळजवळ तेवढाच दिसेल. उलट अर्धवट भरलेल्या तलावात तेवढेच पाणी नव्या खोल भागात जमा होते आणि पसारा आधीपेक्षा कमी दिसतो. एकाच तारखेचे चित्र पाहून ‘गाळ काढून पाणी घटले’ असा निष्कर्ष निघू शकतो, आणि तो साफ चुकीचा असेल.

म्हणून पसारा किती, यापेक्षा तो कोणत्या महिन्यात किती उरतो हे पाहा. ऑक्टोबर ते एप्रिलचे चार आकडे एका रेघेत मांडले की आटण्याचा उतार दिसतो. आमच्या दोन तलावांत तो उतार गाळ काढल्यानंतर सौम्य झाला. तिसऱ्यात काहीच फरक पडला नाही, आणि नंतर कळले की त्याच्या भरावाखालून पाणी झिरपत होते. गाळ काढल्याच्या आनंदात तिकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते.

## १०. मधल्या तारखांसाठी सेंटिनेल-२

लिस-४ची हवी ती तारीख मिळत नाही तेव्हा युरोपचा सेंटिनेल-२ उपयोगी पडतो. पहिला २३ जून २०१५ रोजी गेला, दुसरा ७ मार्च २०१७ रोजी, आणि दोन उपग्रहांमुळे दर पाच दिवसांनी चित्र मिळू लागले. पट्टा २९० किलोमीटरचा, बँड १३, त्यांपैकी चार १० मीटरचे. निळा बँडही आहे, त्यामुळे डोळ्यांना दिसते तसे चित्र करता येते. कोपर्निकस ब्राउझरवरून ते विनामूल्य मिळते. वातावरणाचा परिणाम काढलेली लेव्हल-२ए प्रतच घ्या.

इथला सापळा असा, की २५ जानेवारी २०२२पासून तयार झालेल्या फाइलींत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. फाइलच्या नावात एन०४०० किंवा त्यापुढचा आकडा असेल तर आधी १००० वजा करा. न केल्यास काय होते पाहा : पाण्यावर हिरव्याचा खरा आकडा ६०० आणि अवरक्ताचा ३०० असेल तर निर्देशांक ०.३३ येतो; १००० न काढता तोच ०.१० येतो. २०२१ आणि २०२३ची तुलना करणाऱ्याला वाटेल की पाणी बदलले. दोन्ही वर्षी पाणी तेच असते, फक्त फाइल लिहिण्याची रीत बदललेली असते.

सेंटिनेल आणि लिस-४चे आकडे एकाच रेघेत मिसळू नका. वेगळ्या रंगाने मांडा.

## ११. कार्टोसॅटची गरज खरोखर असेल तर

बांधाची फूट, सांडव्याची मोडतोड, वैयक्तिक शेततळ्यांची मोजदाद अशा कामांना एक मीटर किंवा त्याहून बारीक चित्र लागते. ५ मीटरपेक्षा बारीक माहिती सरकारी खात्यांना विनामूल्य आणि इतरांना किंमत देऊन मिळते, म्हणून ग्रामपंचायतीचे किंवा शासकीय खात्याचे काम असेल तर मागणी त्यांच्या नावाने करा. अर्जासोबत सीमेची फाइल, तारखांचा पल्ला, चालतील तेवढे ढग आणि चित्र किती तिरप्या कोनातून घेतलेले चालेल, हे लिहून द्या. शेवटची गोष्ट बरेच जण विसरतात. तिरप्या चित्रात झाडे-घरे आडवी कललेली दिसतात आणि उतारावरची मापे फसवतात.

नुसती उंची-सखलता हवी असेल तर मात्र पैसे खर्च करू नका. ५ मे २००५ला सोडलेल्या कार्टोसॅट-१वर दोन कॅमेरे होते, एक पुढे २६ अंश आणि एक मागे ५ अंश कललेला. एकाच जागेची दोन कोनांतली चित्रे जुळवून त्यांतून देशाचे उंचीचे प्रारूप तयार झाले, आणि त्याची ३० मीटरची प्रत खुली आहे. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र आखायला ती पुरते, आणि कुठल्या कड्याची सावली कुठे पडेल हेही तिच्यावरून काढता येते.

## १२. चित्र छापा आणि शिवारात जा

ज्या दिवशी उपग्रह वरून जाणार त्याच दिवशी, किंवा एक-दोन दिवस मागेपुढे, तलावाच्या काठाने चाला. मोबाइलवर वाट नोंदवणारे ॲप सुरू ठेवा आणि पाण्याच्या कडेने एक फेरी मारा. घरी येऊन ती वाट चित्रावर ठेवा. आमच्या पहिल्या फेरीत चित्रातली कड एका बाजूला दोन पिक्सेल आत निघाली. त्या बाजूला पाण्यात उभी राहिलेली पानकणसे होती. ती चित्रात पिकासारखी लाल दिसत होती, म्हणून पाण्यात मोजली गेली नव्हती. पुढच्या सगळ्या वर्षांत तेवढी पट्टी आम्ही हाताने जोडली आणि वहीत तसे लिहिले.

ग्रामसभेत निर्देशांकाचे आकडे दाखवू नका. चारही महिन्यांची रंगीत चित्रे मोठ्या कागदावर छापून गट नंबर घालून भिंतीवर लावा. खालच्या कोपऱ्यात तारीख आणि त्या वर्षीचा पाऊस लिहा. लोक आधी आपले शेत शोधतात, मग तलाव बघतात, आणि मग जे सांगतात ते वहीत उतरवून घ्यायला एक माणूस बसवा.